आजी-आजोबांना चालू द्या!

"आई मोरीत पाय घसरून पडली." "आबा रात्री उठले आणि उंबरठ्याला अडखळले." आपल्या वस्त्यांमधून अशा बातम्या इतक्या सहज कानावर येतात की वय झाले म्हणजे माणूस पडायचाच, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत आम्हाला मुळीच मान्य नाही. म्हातारपण टळत नाही हे खरे, परंतु पडणे पुष्कळदा टाळता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी पडल्यामुळे सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात. त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात आणि त्यांत साठीच्या पुढची माणसे सर्वांत जास्त. म्हणजे हा प्रश्न आपल्यासारख्यांच्याच घरचा आहे. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात आईचे खुब्याचे हाड मोडले, तर नुसता दवाखान्याचा खर्च होऊन भागत नाही. तिच्याजवळ बसायला कुणाचा तरी रोज बुडतो, बहुधा सुनेचा. आणि कधी कधी नातीची शाळाही सुटते.

वयाबरोबर मांड्यांचे स्नायू रोडावतात, नजर अधू होते, तोल सांभाळणारी कानातली यंत्रणा मंदावते. मधुमेह जुना असेल तर तळपायाला जमीन नीट कळत नाही. बायकांची हाडे पाळी गेल्यानंतर झपाट्याने ठिसूळ होत जातात. म्हणून जी ठेच तिशीत हसण्यावारी जाते, तीच सत्तरीत खाटेवर नेते.

आणि इथेच आपले प्रेम आडवे येते! "आई, तुम्ही बसा, मी देते पाणी." "आबा, खाली कशाला उतरता?" सून गुणी, मुलगा मायाळू, पण सहा महिन्यांत सासूबाईंना हाताच्या आधाराशिवाय उठता येईनासे होते. एकदा पडलेले माणूस तर भीतीने स्वतःच चालणे सोडते. चालणे सुटले की पाय आणखी अशक्त होतात, आणि अशक्त पाय पुन्हा पाडतात. ज्यांनी गिरणीत उभ्याने पाळ्या केल्या, पहाटे उठून शहराचे रस्ते झाडले, डोक्यावर विटा वाहिल्या, त्यांना निवृत्तीनंतर खाटेवर बसवून ठेवणे ही सेवा नव्हे, असे आम्ही स्पष्टच म्हणतो.

मग चालायचे किती? आठवड्याला निदान १५० मिनिटे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशी सांगतात. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास. एका दमात जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या कराव्यात. चाल अशी असावी की शेजारणीशी बोलता यावे, पण गाणे म्हणायला दम पुरू नये. ज्यांना दहा मिनिटेही जड जातात त्यांनी पाचपासून आरंभ करावा. चालताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा फार धाप लागली तर तिथेच थांबावे व डॉक्टरांना दाखवावे.

चालण्याचे महत्त्व आपल्याला नवे नाही. भिक्खू चंक्रमण करतात ते आपण पाहतो. अंगुत्तर निकायात भगवंतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत आणि त्यांत दूरच्या प्रवासाची शक्ती, आजार कमी होणे व अन्न नीट पचणे हे अगदी देहाचे लाभ आहेत.

परंतु एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. चालण्याने हृदय, साखर, झोप, मन सारे सुधारते. मात्र पडणे टाळायला नुसते चालणे पुरत नाही. त्याला तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम जोडावा लागतो. असा व्यायाम नियमित करणाऱ्या वृद्धांमध्ये पडण्याचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने घटते, असे २०१९ साली अनेक देशांतील प्रयोग एकत्र तपासून आढळले आहे. याला पैसा लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसावे आणि हातांचा आधार न घेता उठावे, पुन्हा सावकाश बसावे. असे पाच वेळा, पुढे दहा वेळा. खिडकीचे गज धरून टाचा उचलाव्यात. गज धरूनच एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहावे, मग दुसऱ्या पायावर. भिंतीकडेने, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावले टाकावीत. आठवड्यातून तीन दिवस हे केले तरी पुरे, पण सुरुवातीला जवळ कुणीतरी उभे असावे. विहाराच्या आवारात संध्याकाळी चार-पाच आजी मिळून हे करू लागल्या तर कंटाळाही येत नाही, आणि दोन सुखदुःखाच्या गोष्टीही होतात.

६ डिसेंबरला ज्यांना चैत्यभूमीवर जायचे असते त्यांनी तर ही तयारी दिवाळीपासूनच करावी. दादर स्टेशनापासूनची वाट आणि पुढे रांगेत तासन् तास उभे राहणे, हे दहा महिने बसून काढलेल्या पायांना झेपत नाही.

आता घराकडे पाहू. मोरीतले शेवाळ आठवड्याला खराट्याने घासून काढावे, पावसाळ्यात दोनदा. भिंतीत लोखंडी दांडी पक्की बसवून घ्यावी. टॉवेलची दांडी माणसाचा भार घेत नाही! चाळीतून नव्या इमारतीत गेलेल्यांनी विशेष जपावे, कारण तिथल्या गुळगुळीत लाद्या ओल्या झाल्या की जुन्या शहाबादी फरशीपेक्षा जास्त घसरतात. चटईची दुमडलेली कड, वाटेतली वायर, झिजलेली हवाई चप्पल, घोट्याखाली लोंबणारा परकर यांकडे आपण पाहतही नाही. चपलेला मागून पट्टा असावा. माळ्यावरचा डबा काढायला आजीने स्टुलावर चढू नये, नातवाला हाक मारावी. रात्री एक बारीक दिवा असावा. गावाकडे उशाशी बॅटरी हवीच. लघवीला उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसावे, मगच उभे राहावे. झटकन उठल्याने रक्तदाब उतरून भोवळ येते, रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांना अधिकच. गोळ्या मनाने बंद करू नयेत. भोवळ येते हे डॉक्टरांना सांगावे. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नये. जेवणात नाचणीची भाकरी, डाळी, अंडी आणि काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी असावी.

काठी घ्यायची अनेकांना लाज वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षेच्या मंचावर बाबासाहेबांच्याही हाती काठी होती, एवढे सांगितले की आमच्या मते लाजेचा प्रश्न उरत नाही. काठी ताठ उभे राहून मनगटापर्यंत यावी, टोकाला रबर असावे, आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. दुखऱ्या बाजूलाच धरणारे फार दिसतात.

इतके करूनही माणूस पडलेच तर त्याला ओढून उभे करू नका. उभे राहता येत नसेल, एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडले असे समजावे. अशा वेळी तेल चोळणे नको, हाडवैद्य नको. आडवे ठेवूनच एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत झालेली बरी. "या वयात ऑपरेशन कशाला" म्हणून महिनोन् महिने निजवून ठेवले तर पाठीला जखमा होतात आणि फुप्फुसात कफ साठतो. पैशासाठी अडू नये म्हणून, सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. आधार कार्डावर हे वय वंदना कार्ड निघते. ते पडल्यानंतर काढायला धावण्यापेक्षा या रविवारीच काढून घ्यावे. मदत व माहितीसाठी वृद्धांकरिता १४५६७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो मोठ्या अक्षरांत लिहून कॅलेंडरजवळ लावून ठेवावा.