अय्यंगार बेकरी : नाव सर्वांचे, मालक कोणीच नाही

मुंबई, ठाणे किंवा पुणे या शहरांच्या उपनगरांत स्थानकाबाहेर पाच-दहा मिनिटे चालले, की ‘अय्यंगार बेकरी’ ही पाटी बहुधा दृष्टीस पडते. काचेच्या कपाटात पॅटिस, खारी, क्रीम रोल, नारळाचे सारण भरलेला गोड पाव आणि टुटीफ्रुटीचे केक मांडलेले असतात. पाटीवर ‘बंगलोर’ हा शब्दही पुष्कळदा जोडलेला असतो. इतक्या ठिकाणी एकच नाव दिसल्यामुळे ही एखाद्या मोठ्या कंपनीच्या दुकानांची साखळी असावी, असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः तसे नाही. या दुकानांचा कोणी एक मालक नाही आणि त्यांना माल पुरवणारा एकच कारखानाही नाही. शेजारच्या दोन ‘अय्यंगार’ बेकऱ्यांची एकमेकींशी ओळख असेलच, असेही नाही.

मग हे नाव आले कोठून? त्यासाठी जुन्या म्हैसूर संस्थानाच्या मुलखात जावे लागते. कावेरी आणि कपिला अर्थात कबिनी या नद्यांच्या संगमावर टी. नरसीपूर हे तालुक्याचे गाव आहे. ‘टी.’ म्हणजे तिरुमकूडलू, म्हणजेच पवित्र त्रिवेणी संगम. याच तालुक्यातील तळकाड येथे होयसळ राजा विष्णुवर्धन याने चोळांवरील विजयानंतर १२व्या शतकात कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. रामानुजाचार्यांच्या प्रभावामुळे हा राजा वैष्णव झाला, अशी परंपरा आहे. या प्रदेशात स्थिरावलेला श्रीवैष्णव ब्राह्मण समाज तो अय्यंगार. सोवळे-ओवळे कडक पाळणारा, अंडे निषिद्ध मानणारा आणि देवळातील प्रसादाच्या स्वयंपाकाची परंपरा असलेला हा समाज पाव भाजण्याच्या धंद्यात उतरला, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. आज हे नवल कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण आपण पावाला परका मानणे केव्हाच सोडून दिले आहे.

चहा-बिस्किटांचे प्रायश्चित्त

१९व्या शतकाच्या अखेरीस परिस्थिती निराळी होती. कोकण आणि गोव्यात पोर्तुगिजांच्या काळापासून पाव आणि धर्मांतर यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली होती. विहिरीत पाव टाकला आणि त्या विहिरीचे पाणी प्यायल्यामुळे गावच्या गाव बाटले, अशा कथा तिथे पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या. पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरीही फारसे वेगळे नव्हते. १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील एका कार्यक्रमात शहरातील प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे हेही होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर टिळकांनाही प्रायश्चित्ताची भाषा बोलावी लागली आणि रानड्यांनी तर ते प्रत्यक्ष घेतले. पेलाभर चहा आणि एखादे बिस्किट यांची किंमत त्या काळी एवढी होती.

आक्षेप पदार्थाच्या चवीला नव्हता. तो कोणी केला, त्यात काय घातले, त्याला कोणाचा हात लागला, हे खरे प्रश्न होते. म्हणूनच त्याच सुमारास दिल्लीत ‘हिंदू बिस्किट कंपनी’ नावाचा कारखाना निघाला. उच्चवर्णीय हिंदूंच्याच हातची बिस्किटे, अशी त्याची जाहिरात असे. आज ती जाहिरात वाचताना अवघडल्यासारखे होते आणि तसे व्हायलाही हवे. मात्र विटाळाच्या कल्पनेचा व्यापाराने कसा उपयोग करून घेतला, हे समजून घेतल्याशिवाय अय्यंगार बेकरीचा उदय उलगडत नाही.

चिक्कपेठेतील सुरुवात

बंगळूर ही त्या काळी जणू दोन शहरे होती. एकीकडे १८०९ पासून वसत गेलेली इंग्रजांची छावणी, तर दुसरीकडे केंपेगौडाने वसवलेली जुनी पेठ. छावणीत गोऱ्या शिपायांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी पाव, केक, पेस्ट्री तयार होत असे. पेठेत ते कोणी खात नसे. १८९८ मध्ये पेठेच्या भागातील चिक्कपेठ येथे एच. एस. तिरुमलाचार यांनी ‘बंगलोर ब्रदर्स बेकरी’ सुरू केली. हे कुटुंब हासन भागातून आलेले होते आणि मिठाईचा व्यवसाय करीत होते. दुकानात येणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाने तिरुमलाचारांना पाव भाजण्याचे तंत्र दाखवले, असे सांगितले जाते. त्याच वर्षी बंगळुरात प्लेगची साथ शिरली होती, म्हणजे नवा धंदा काढण्यास तो काळ मुळीच अनुकूल नव्हता.

तरीही बेकरी चालली. पेठेतील शाकाहारी ग्राहकाला प्रथमच असा पाव मिळाला, की जो खाताना मनात शंका नव्हती. पाहता पाहता हासन जिल्ह्यातील आप्तस्वकीय या धंद्यात आले. पुतण्याने काकाकडे उमेदवारी करावी, चार वर्षांनी दुसऱ्या वस्तीत स्वतःची भट्टी घालावी, मग मेहुण्याला बोलावून घ्यावे, या रीतीने बंगळूर, म्हैसूर आणि नंतर तालुक्याच्या गावांपर्यंत या बेकऱ्या पोहोचल्या. जे दाक्षिणात्य उपाहारगृहांच्या बाबतीत उडुपीकरांनी केले, तेच पावाच्या बाबतीत हासनकरांनी केले.

अंड्याविना केक

अंडे वर्ज्य करणे ही स्वयंपाकघरातील लहानशी तडजोड नव्हे. युरोपीय केकचा डोलारा अंड्यावर उभा असतो. फेटलेल्या अंड्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि भट्टीच्या उष्णतेने अंडे घट्ट झाले, की ते बुडबुडे जागीच राहतात. त्यामुळे केक हलका होतो आणि खाली बसत नाही. अंडे काढले, की हवा आणि आधार या दोन्ही गोष्टी जातात. त्यावर उपाय म्हणून दह्याची आंबटी आणि सोडा एकत्र आणून वायू निर्माण केला जातो, तर आटवलेले दूध आणि लोणी किंवा तूप यांनी पिठाला बांधून ठेवले जाते. तरीही असा केक थोडा ठिसूळ राहतो. बंगळूरचा प्रसिद्ध ‘हनी केक’ पाहा. त्यावर मधाचा किंवा साखरेचा पाक मुरवतात, वरून जॅमचा थर देतात आणि खोबऱ्याचा कीस भुरभुरतात. उणीव झाकता झाकता एक स्वतंत्र पदार्थच जन्माला आला, असे माझे मत आहे आणि मूळ इंग्रजी स्पंज केकपेक्षा तो मला अधिक रुचकर वाटतो.

खारट पदार्थांत तर या बेकऱ्यांनी युरोपाचा निरोपच घेतला. ‘खारा बन’ म्हणजे पावाच्या पिठातच बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि कढीपत्ता मळून भाजलेला बन. ‘पल्य बन’मध्ये बटाट्याची किंवा मिश्र भाजी भरलेली असते. ‘दिलपसंद’ म्हणजे खोबरे, साखर आणि टुटीफ्रुटीचे सारण भरलेला चपटा गोल पाव. तो त्रिकोणी तुकडे करून विकतात. टुटीफ्रुटी हे भारदस्त नाव असले, तरी ती बहुधा कच्च्या पपईची पाकवलेली फोड असते. बंगळूरच्या विश्वेश्वरपुरम भागात १९५३ साली सुरू झालेल्या व्ही. बी. बेकरीमुळे ‘काँग्रेस’ नावाचे मसालेदार शेंगदाणे गाजले. शेंगदाण्याच्या दोन पाकळ्या वेगळ्या झालेल्या असतात आणि १९६९ मध्ये काँग्रेस पक्षही दुभंगला, म्हणून हे नाव पडल्याची गंमत तिथले लोक सांगतात.

पॅटिसला मात्र युरोपाची ओळख अजून चिकटून आहे. पिठाच्या लाटीवर स्निग्ध पदार्थ पसरायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायचे आणि पुन्हा घडी घालायची. भट्टीत पाण्याची वाफ होऊन एकेक पापुद्रा सुटतो. पॅरिसच्या पेस्ट्रीचे आणि आपल्या खारीचे तंत्र एकच. फरक स्निग्ध पदार्थाचा आहे. तिकडे लोणी वापरतात, इकडे स्वस्त आणि उन्हात न वितळणारे वनस्पती तूप आले.

भट्टीचाही एक शिरस्ता होता. विटांच्या भट्टीत लाकडे जाळून भिंती तापवायच्या, निखारे बाजूला सारायचे आणि साठलेल्या उष्णतेवर माल भाजायचा. पहिल्या कडक आचेवर पाव आणि बन, आच उतरली की केक, त्यानंतर बिस्किटे आणि अखेरच्या मंद उबेवर रात्रभर टोस्ट वाळवायचे. दिवसभरात कोणता पदार्थ केव्हा गरम मिळणार, हे भट्टीच ठरवत असे. विजेच्या किंवा गॅसच्या भट्टीत हवे ते तापमान हवे तेव्हा मिळते. धूर नाही, कष्ट कमी. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

व्हिएन्नातील खटला

नावाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. अय्यंगारांच्या हाताखाली शिकलेल्या इतर समाजांतील कामगारांनी स्वतःच्या बेकऱ्या काढल्या आणि पाटीवर तेच नाव कायम ठेवले. महाराष्ट्रात पसरलेल्या अनेक बेकऱ्या अशाच आहेत. दरम्यान, मूळ घराण्यांतील अनेकांची मुले अभियंते झाली आणि पहाटे तीनला उठून पीठ मळण्याचे काम मागे पडले. ज्यांच्या हातांत कसब होते, त्यांनी धंदा पुढे नेला, यात गैर काही नाही.

युरोपात असे नाव मोकळे सोडले जात नाही. व्हिएन्ना शहरात ‘साखर टॉर्टे’ नावाचा चॉकलेटचा केक प्रसिद्ध आहे. इथे साखर म्हणजे आपली साखर नव्हे, तर १८३२ मध्ये मेटर्निखच्या मुदपाकखान्यात तो प्रथम करणारा फ्रान्झ साखर. त्याच्या मुलाने, एडुआर्डने, ‘डेमेल’ या नामांकित पेस्ट्रीच्या दुकानात काम करताना पाककृती पक्की केली आणि १८७६ मध्ये हॉटेल साखर स्थापन केले. पुढे खरा केक कोणाचा, यावरून हॉटेल आणि डेमेल यांच्यात अनेक वर्षे कज्जा चालला. जर्दाळूच्या जॅमचा थर केकच्या मधोमध हवा की केवळ चॉकलेटच्या आवरणाखाली, यावरही वाद झाला. १९६३ मध्ये तडजोड होऊन ‘मूळ’ हा शब्द हॉटेलकडे गेला. लिस्बनमध्येही तसेच आहे. अंड्याच्या सारणाचे ते छोटे टार्ट ‘पास्तेल दे नाता’ या नावाने कोणीही विकू शकतो, परंतु ‘पास्तेइस द बेलें’ हे नाव १८३७ पासूनच्या एकाच दुकानाचे.

आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा आहे. त्याखाली म्हैसूर रेशमाला आणि टी. नरसीपूरच्या शेजारील नंजनगूडच्या रसबाळे केळ्यांना संरक्षण मिळाले. पण ते मानांकन भूमीशी जोडलेले असते आणि ‘अय्यंगार’ हे समाजाचे नाव आहे. म्हणून दुकानदार या नावाआधी आपापली आद्याक्षरे जोडून वेगळेपण दाखवतात.

नावावर कोणाचाच हक्क नसल्यामुळे ते इतके दूरवर पोहोचले, हे मान्य करावे लागते. त्याचबरोबर जबाबदारीही कोणाची राहिली नाही. ‘अय्यंगार’ पाटीच्या काही दुकानांत आता अंड्याचा पफही मिळतो. बंद पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो आणि अंडे असलेल्या पदार्थावर तपकिरी त्रिकोणच असावा लागतो. कपाटातील सुट्या केकवर मात्र अशी खूण दिसत नाही. तेव्हा अंडे टाळणाऱ्यांनी पाटीवर न विसंबता विचारणेच बरे. स्निग्ध पदार्थाबाबतही विचारावे. तेल-तुपातील आणि पदार्थांतील ट्रान्स फॅटची मर्यादा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली आहे. दिल्लीतील एका संस्थेच्या तपासणीनंतर २०१६ मध्ये पावातील पोटॅशियम ब्रोमेटवरही बंदी आली. नियम कागदावर सर्वांना सारखेच आहेत. परंतु गल्लीतल्या छोट्या भट्टीत कोणते तूप येते, हे ठाऊक असते ते तिथल्या कारागिरालाच.

हा कारागीर अजूनही बहुधा कन्नड बोलणारा असतो. दुपारी चारच्या सुमारास त्याने भट्टीतून पत्रे बाहेर काढले, की खारा बन आहे का, असे विचारून पाहावे. महाराष्ट्रातील अनेक अय्यंगार बेकऱ्यांत तो कपाटात मांडलेला नसतो, कारण इथला ग्राहक पॅटिसच मागतो.