रिपोर्ट बिघडला म्हणून पिशवी काढायची नसते

‘रिपोर्ट खराब आलाय’ एवढं ऐकलं की आपल्या जालना जिल्ह्यात घनसावंगी असो की भोकरदन, घरात सगळ्यांच्या मनात कॅन्सरच येतो. बाई पंचवीस-अठ्ठावीस वर्षांची असेल तर घर हादरून जातं. म्हणून आधी तो कागद नीट वाचू या. पॅप तपासणीत गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन पाहतात. त्यात ‘इन्फ्लमेटरी’ असं लिहिलं असेल तर ती सूज किंवा जंतुसंसर्ग. ‘एएससी-यूएस’ म्हणजे पेशी किंचित वेगळ्या दिसतात, पण त्यांचं नक्की काय ते सांगता येत नाही. ‘एलएसआयएल’ हा सौम्य बदल आणि ‘एचएसआयएल’ हा तीव्र. यातला एकही शब्द कॅन्सरचं निदान नव्हे. ते ठरतं बायोप्सीवरून, म्हणजे कॉल्पोस्कोपीच्या भिंगातून पाहून काढलेल्या छोट्या तुकड्यावरून. ॲसेटिक ॲसिड लावून करतात त्या ‘व्हाया’ तपासणीतही तसंच: साध्या सुजेनेसुद्धा पांढरा डाग उमटू शकतो. मात्र संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, तर रिपोर्ट काहीही असो, डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

पेशींतले हे सौम्य-तीव्र बदल होतात ह्यूमन पॅपिलोमा, म्हणजे एचपीव्ही या विषाणूमुळे. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतो, आणि दहांपैकी नऊ वेळा दोन वर्षांच्या आत शरीरच त्याला घालवतं. वय कमी तेवढी ही शक्यता जास्त. बायोप्सीत ‘सीआयएन-1’, म्हणजे बदलांची सर्वांत सौम्य पायरी, आली तर बहुधा औषधाचीही गरज नसते, ठरलेल्या वेळी पुन्हा तपासणं पुरतं. तिशीच्या आतल्या बायकांत ‘सीआयएन-2’ सुद्धा निम्म्याहून अधिक वेळा दोन वर्षांत मावळतं. ‘सीआयएन-3’ मात्र सोडून देऊ नये. त्यावर उपचार केलाच नाही तर तीस वर्षांत साधारण तिघींपैकी एकीला कॅन्सर होतो. म्हणजे तिथेही हाताशी वेळ असतो, पण तो वाया घालवायचा नसतो. एचआयव्ही असलेल्या बाईला धोका कितीतरी अधिक, तिची तपासणी लवकर आणि वारंवार हवी.

‘नवऱ्याने बाहेर काहीतरी केलं’ किंवा ‘हिचंच काहीतरी असेल’, या संशयाने संसार मोडतात. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तो कधी आणि कोणाकडून आला, हे सांगणारी कोणतीही तपासणी नाही. या कागदावरून कोणाच्याही चारित्र्याचा निवाडा करता येत नाही, हे सासरी आणि माहेरी दोन्हीकडे ठामपणे सांगायला हवं.

आता सर्वांत घातक गैरसमज. ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका.’ मराठवाड्यात या एका वाक्यावर हजारो पिशव्या गेल्या. 2019 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी राज्य सरकारच्या समितीने केली. नीलम गोऱ्हे तिच्या अध्यक्ष होत्या. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि त्यांत कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. पाळीमुळे कामाचा खाडा पडेल ही भीती होतीच, तिला कॅन्सरची भीती येऊन मिळाली. कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या बायका जालन्यातूनही जातात, म्हणून हे आपलंही दुखणं आहे. सूज, पांढरं जाणं, ‘एलएसआयएल’ किंवा नुसता डाग यांपैकी कशासाठीही पिशवी काढायची नसते. ‘सीआयएन-3’ मध्येही बहुतेक वेळा तोंडावरचा बाधित भाग जाळणं किंवा तारेने काढणं (त्याला ‘लीप’ म्हणतात) पुरतं. कोवळ्या वयात पिशवीबरोबर अंडाशयही गेली, तर पाळी बंद झाल्यानंतरचे त्रास आणि हाडांची झीज कित्येक वर्षं आधीच सुरू होते.

‘आता मूल होणार नाही’ हेही खरं नाही. पेशींतल्या बदलाने वंध्यत्व येत नाही. ‘लीप’नंतर बाळ वेळेआधी होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणूनच तरुण बाईच्या बाबतीत डॉक्टर घाई न करता वाट पाहतात. दिवस गेले असतील तरी कॉल्पोस्कोपी करता येते, उपचार बहुधा बाळंतपणानंतर करतात.

‘तपासलंच नसतं तर बरं झालं असतं’ असं वैतागून म्हणणाऱ्या बाईला धाराशिवचा दाखला द्यावा. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय यांनी 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास केला. तो 2009 मध्ये छापून आला. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या आपल्यासारख्याच गावांतल्या बायका होत्या. सरकारी कार्यक्रमातही तपासणी तिशीनंतरच सांगितली आहे. पंचविशीच्या आत ती सरसकट करत नाहीत, कारण आपोआप जाणारे बदल उगाच हाती लागतात आणि नको ते उपचार होतात.

एचपीव्हीवर लसही आहे, पण ती आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, पुढचा टाळते.

रिपोर्टची एक प्रत स्वतःकडे ठेवा. डॉक्टरांना विचारा: बदल सौम्य की तीव्र, कॉल्पोस्कोपी लागेल का, पुन्हा कधी यायचं? कोणी लगेच पिशवी काढायला सांगितलं तर पैसे भरण्याआधी जिल्हा स्त्री रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात दुसरं मत घ्या. आणि ऊसतोडीला जाणार असाल, तर पुढच्या तपासणीची तारीख दिवाळीआधीची किंवा कारखाना बंद झाल्यानंतरची मागून घ्या. डॉक्टरांना आपला हंगाम सांगितला, तर ती तारीख चुकणार नाही.