कमवा आणि फिरा (लेखांक ४) : ८८ दिवसांचा हिशेब

सोडतीत नंबर लागला, ऑस्ट्रेलियात वर्षभर राहून फिरायचा आणि काम करायचा ४६२ क्रमांकाचा व्हिसा हाती आला, इथपर्यंत आपण गेल्या लेखांकात आलो. भारतीयांसाठी वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, नाव नोंदवायची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. ऑक्टोबर २०२४ मधल्या पहिल्या सोडतीला पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० अर्ज गेले होते. एवढ्या गर्दीतून आत शिरलेल्याला एक वर्ष थोडीच पुरणार? पण दुसरं वर्ष हवं असेल, तर सिडनी-मेलबर्नचा मुक्काम हलवून शेतावर जावं लागतं. ठरवून दिलेल्या भागात, ठरवून दिलेलं काम, तीन महिने. पाठपिशवीवाल्यांच्या भाषेत '८८ दिवस'. तिसरं वर्ष हवं तर आणखी सहा महिने. शेतीखेरीज इतर कामंही यादीत आहेत, पण या लेखमालेचा विषय शेती, म्हणून तेवढ्यापुरतंच बोलू.

ही अट मुळात नव्हती. १९७५ साली योजना सुरू झाली ती परदेशी पोरांनी देश पाहावा आणि वाटखर्चापुरतं काम करावं, एवढ्याच हेतूने. नोव्हेंबर २००५ मध्ये दुसऱ्या वर्षाचं आमिष आलं, कारण बागायतदारांना तोडणीला माणसं मिळेनाशी झाली होती. सुट्टीचा व्हिसा तेव्हापासून मजूर पुरवायचा व्हिसा झाला, असं माझं मत आहे. सरकार तसं म्हणत नाही. पण करोनाकाळात सीमा बंद झाल्या, पाठपिशवीवाले यायचे थांबले आणि कितीतरी ठिकाणी माल झाडावरच सडला, तेव्हा बागा कोणाच्या जिवावर चालतात ते सगळ्यांना दिसलं.

आता ८८ दिवस म्हणजे पंचांगातले ८८ दिवस नव्हेत. कायम नोकरीसारखं आठवड्याला पाच दिवस पूर्णवेळ काम असेल, तर शनिवार-रविवारही धरले जातात. पण फळतोडणीत असं काम क्वचित. बहुतेक सगळे रोजंदारीवर, आणि रोजंदारीत भरलेला दिवस तेवढा खरा. दुपारीच घरी पाठवलं तर तो अर्धा, पाऊस पडला तर शून्य. त्यामुळे तीन महिन्यांची अट पुरी करायला चार-पाच महिने सहज जातात, आणि तेवढ्यात हंगाम संपला तर दुसऱ्या पिकामागे दुसऱ्या गावाला.

पावसाचं म्हणाल तर क्वीन्सलंडमधल्या टलीचं उदाहरण घ्या. तिथे गावात ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभा केलाय, कारण १९५० साली तिथे तेवढा पाऊस पडला होता. हा केळीचा मुलूख. केळ कॅव्हेंडिश गटातलंच, म्हणजे रावेर-यावलच्या वाचकांना ओळखीचं. काम जोडीने चालतं. एकजण सुऱ्याने खोडाला खाच पाडतो, खोड हळूहळू वाकतं. दुसरा खाली खांदा देऊन उभा. प्लॅस्टिकच्या पिशवीतला घड खांद्यावर टेकला की पहिला दांडा तोडतो, आणि ४०-५० किलोंचं, कधी त्याहून जास्त, ओझं एकदम अंगावर येतं. मग घोट्याएवढ्या चिखलातून ट्रेलरपर्यंत चालायचं, घड अलगद टेकवायचा, कारण साल काळी पडली तर तो बाजारात चालत नाही. परत फिरायचं. पिशवीत घडाबरोबर कधी बेडूक निघतो, कधी कोळी, कधी साप. खांद्यावरचं हे काम बहुतेक मुलांकडे, आणि फण्या धुऊन, निवडून खोक्यात भरायचं शेडमधलं काम बरंचसं मुलींकडे येतं. तिथे अंगावर ओझं नाही, पण दिवसभर उभं राहून हात पाण्यात.

केळीला निदान ताशी मजुरी मिळते. सफरचंद, चेरी, बेरी अशा फळांना उक्तं काम असतं, म्हणजे पेटी किंवा किलोवर पैसे. सफरचंदाची लाकडी पेटी म्हणजे जवळजवळ ४०० किलो माल. सराईत माणूस ती भराभर भरतो, नवख्याचा पहिला आठवडा मात्र अंगदुखीतच जातो. पूर्वी त्या आठवड्यात दिवसभर राबून ताशी किमान वेतनाच्या निम्मेही पैसे पडत नसत, आणि ते कायद्याला धरूनच असे. २८ एप्रिल २०२२ पासून हे बदललं. आता कामाचे तास लिहून ठेवावे लागतात, आणि पेट्या कितीही कमी भरल्या तरी त्या तासांची किमान मजुरी द्यावीच लागते. उक्त्या कामाचा करार लेखी हवा. 'आमच्याकडे असं नाही चालत' असं कोणी म्हणालं, तर तिथे थांबू नये.

पण सगळा घोळ मजुरीत नाही, राहण्यातही आहे. अनेक गावांत वसतिगृहवालाच काम मिळवून देतो. त्याच्याकडे खाट घ्यायची, आठवड्याचं भाडं आगाऊ भरायचं, पहाटे त्याच्याच गाडीतून शेतावर जायचं. काम नसलं तरी भाडं चालूच. खाट सोडली की काम गेलं. मराठवाड्यातल्या ऊसतोड टोळीचा मुकादम ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की मुकादम उचल देतो, इथे उलट आपणच आधी पैसे भरतो. त्यात दिवस भरल्याचा दाखलाही मालकाच्याच हाती. २०१६ साली तिथल्या कामगार लोकपालांच्या चौकशीत सुमारे ६ टक्के जणांनी सांगितलं, की सही मिळवायला आम्ही मालकाला पैसे मोजले. २८ टक्क्यांनी सांगितलं, की केलेल्या कामाचे पैसेच मिळाले नाहीत.

वसतिगृह निवडताना आणखी एक पाहायचं. २३ जून २००० रोजी क्वीन्सलंडमधल्या चिल्डर्स गावी अशाच एका जुन्या लाकडी वसतिगृहाला मध्यरात्रीनंतर आग लावली गेली आणि १५ तरुण गेले; ब्रिटिश, डच, आयरिश, जपानी, कोरियन, ऑस्ट्रेलियन. धुराचा इशारा देणारी यंत्रणा बंद होती. खोलीत शिरल्यावर आधी छताकडे आणि बाहेरच्या दाराकडे पाहा, वाय-फायचा पासवर्ड नंतर विचारा.

एक गोष्ट मला खटकते. १ जुलै २०२४ पासून ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना या ८८ दिवसांतून सूट मिळाली. व्यापार कराराच्या वाटाघाटीत त्यांनी ती मिळवली. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपली सोडत उघडली. भारताच्या वाट्याला सोडत आली, सूट आली नाही.

तरीही जायचंच असेल, आणि जावं असंच मी म्हणेन, तर कागद सांभाळा. पगारपत्रक पगाराच्या दिवसापासून एका कामकाजाच्या दिवसात देणं मालकावर बंधनकारक आहे. त्यावर मालकाचा व्यवसाय क्रमांक हवा आणि पगार बँकेत जमा व्हायला हवा. रोख मजुरी घेतलीत तर पुढे दिवस सिद्ध करणं अवघड. फुकट, नुसत्या जेवणा-राहण्यावर केलेलं काम १ डिसेंबर २०१५ पासून धरलंच जात नाही. शेताचा पोस्टकोड पात्र यादीत आहे का, हे होकार देण्याआधी तपासा. आपला व्हिसा ४६२, शेजारच्या खाटेवरच्या फ्रेंच मुलाचा ४१७; दोन्हींच्या याद्या वेगळ्या आहेत, आणि तो त्याची यादी सांगत असतो.

बागमालक पंजाबीत बोलला तर दचकू नका. न्यू साउथ वेल्समधल्या वूलगूल्गा परिसरात शीख कुटुंबं कित्येक पिढ्या शेती करतायत, आधी केळी आणि आता ब्लूबेरी. पण तिथेही पगारपत्रक मागाच.

पुढच्या लेखांकात : पहिल्या डॉलरपासून कापला जाणारा १५ टक्के कर, आणि देश सोडताना निवृत्तिनिधीतून परत मिळणारी रक्कम.