लंगड्या पक्ष्याचा चांगला पाय

सातारा-सांगलीकडच्या वस्त्यांवर टर्की, राजहंस, वजनदार कोंबडे हौसेने पाळले जातात. त्यातला एखादा लंगडू लागला की सगळे दुखऱ्या पायाकडे पाहतात. हळद लावतात, बांबूच्या कामट्या बांधतात आणि पक्षी खुराड्यात ठेवून देतात. पण जड पक्ष्याच्या बाबतीत अर्धा उपचार चांगल्या पायाचा असतो आणि नेमका तोच राहून जातो. गाय तीन पायांवर उभी राहून चौथा सांभाळते. पक्ष्याला पायच दोन. सात-आठ किलोच्या टर्कीचा एक पाय दुखावला की सगळा भार दुसऱ्या तळव्यावर येतो. खाली फरशी किंवा कोबा असेल तर तिथली कातडी आधी तुळतुळीत व लाल होते, मग मधोमध काळी खपली धरते. खपलीखाली बहुधा स्टॅफिलोकोकस जंतूंनी केलेला पू असतो. पक्ष्यांचा पू वाहत नाही, घट्ट गोळा होऊन बसतो. तो पिळून निघत नाही. उलट दाबल्याने संसर्ग कंडरेत, पुढे हाडात उतरू शकतो. म्हणून तपासताना दोन्ही तळवे शेजारीशेजारी धरून सूज आणि ऊब ताडून पाहावी. मात्र पक्ष्याची छाती आवळू नये. त्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते, छाती हलली नाही तर श्वासच थांबतो.

पक्ष्याचे हाड आपोआप जुळते, मग एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. ते जुळते हे खरेच, साधारण तीन आठवड्यांत. पण वाकडे बसलेले हाडही तितक्याच लवकर पक्के होते आणि चांगल्या पायावरचा भार मग जन्मभर हटत नाही. म्हणून एक्स-रे आणि बांधणी पहिल्या एक-दोन दिवसांत व्हायला हवी. दुसरा आक्षेप खर्चाचा. कोंबड्याच्या किमतीपेक्षा उपचार महाग पडतो, हे नाकारून चालणार नाही. पण चांगला पाय वाचवायला पैसे लागतातच कुठे? पाटण, शिराळ्याकडे भाताचे तूस मिळते; खुराड्यात त्याचा चार बोटे जाड थर पुरतो. तळव्याला चिंधीची चुंबळ बांधली की दुखऱ्या जागेवरचा दाब कडेला सरकतो. उसाच्या पट्ट्यात बगॅस, म्हणजे उसाची चिपाडे, सहज हाताशी असते, पण ती ओली असेल तर बुरशी धरते आणि ती बुरशी पक्ष्याच्या फुप्फुसात जाते, म्हणून बगॅस वाळलेलीच वापरावी. घरातली वेदनाशामक गोळी मात्र कधीच देऊ नये. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने आपल्याकडची गिधाडे संपत आली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली.

सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावोगावी सरकारी दवाखानेही आहेत. तिथे पक्षी नेताना टोपलीत तूस पसरा आणि डॉक्टरांना दुखऱ्या पायाबरोबर दुसऱ्या पायाचा तळवाही आवर्जून दाखवा.