गाव वसवणाऱ्या प्रेमकथा

अमेरिकेतील लहान गावांच्या पार्श्वभूमीवर लिहिल्या जाणाऱ्या समकालीन प्रेमकादंबऱ्यांचा विषय निघाला, की आपल्याकडील विद्वज्जन शहरी जीवनाला विटलेल्या मनाचे पलायन, एवढ्या एका निदानावर त्या समग्र वाङ्मयाचा निकाल लावून मोकळे होतात. या कादंबऱ्या मी दीर्घकाळ साक्षेपाने वाचीत आलो असून, नायक-नायिकेच्या मीलनापेक्षा त्या मीलनात हस्तक्षेप करणारे, प्रसंगी त्याची जबाबदारी शिरावर घेणारे गाव हेच त्यांचे खरे आकर्षण होय, असे माझे ठाम मत आहे.

१९४९ साली कॅनडातील विनिपेग येथे स्थापन झालेल्या हार्लेक्विन या प्रेमकादंबऱ्यांच्या प्रकाशनसंस्थेचा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यात रेंगाळण्याचे प्रयोजन नाही. माझ्या मते या गावकथांच्या बहराचा काळ सुरू होतो तो २००१ मध्ये, डेबी मॅकोम्बर यांच्या '१६ लाइटहाउस रोड'पासून. वॉशिंग्टन राज्यातील आपल्या पोर्ट ऑर्चर्ड गावावरून त्यांनी सीडर कोव्ह रचले आणि त्याच्या न्यायासनावर ऑलिव्हिया लॉकहार्ट या प्रौढ स्त्रीला बसवले. तान्हे मूल दगावल्यामुळे परस्परांना पारखे झालेले एक तरुण दांपत्य तिच्यापुढे घटस्फोट मागते, आणि स्वतःचा मुलगा गमावून पुढे स्वतःचा संसारही मोडलेला पाहिलेली ही न्यायाधीश त्यांची मागणी नामंजूर करते. या निर्णयाविषयी गावातल्या वृत्तपत्राचा संपादक लिहितो, आणि त्यातूनच त्या दोघांच्या उतारवयातील स्नेहाला आरंभ होतो. तालुक्याच्या गावी वाढलेल्या मजसारख्याला यात परके असे काहीच वाटले नाही. आमच्याकडेही दिवाणी कोर्टातला निकाल संध्याकाळपर्यंत प्रत्येक ओसरीवर पुन्हा एकदा चालवला जाई.

रॉबिन कार यांच्या 'व्हर्जिन रिव्हर'मध्ये (२००७) लॉस एंजेलिसहून आलेल्या विधवा परिचारिकेला कबूल केलेले घर राहण्याच्याही लायकीचे निघत नाही. ती परतीच्या वाटेला लागणार, तोच डॉक्टरांच्या दाराशी सोडून दिलेले नवजात अर्भक तिच्या दृष्टीस पडते. पलायनवादाचा आक्षेप घेणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. तिला थांबवून धरते ते तिच्यावाचून अडलेले काम, निसर्गशोभा नव्हे. आणि आपल्यावाचून कुणाचे तरी अडावे, ही महानगरात दुर्मीळ झालेली आकांक्षा वाचकाच्या मनात घर करून राहते.

परंतु ज्या लेखिकेचा कैवार घेऊन मी आजवर अनेकांशी वाद घातला, त्या बेव्हर्ली जेन्किन्स. त्यांच्या 'ब्रिंग ऑन द ब्लेसिंग्ज' (२००९) या कादंबरीतील हेन्री ॲडम्स हे कॅन्ससमधील गाव काल्पनिक असले, तरी यादवी युद्धानंतर दास्यमुक्त कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या वसाहतींचा इतिहास त्याच्या पाठीशी उभा आहे. त्याच राज्यात १८७७ मध्ये वसलेले निकोडेमस आजही नकाशावर आहे. कर्जाने जेरीस आलेले हेन्री ॲडम्स गाव नगराध्यक्ष इंटरनेटवर विक्रीस काढतो आणि घटस्फोटापोटी अपार संपत्ती लाभलेली बर्नडीन ब्राउन ते विकत घेते. पुढे ती तिथे कुटुंबाविना वाढणाऱ्या मुलांसाठी घरे उभी करते, त्यांना पालक मिळवून देते, आणि या खटाटोपातच गावातल्या खानावळीचा मालक मॅलकाय जुलै याच्याशी तिचे सूत जमते. ही प्रेमकथाच नव्हे, असे एक समीक्षक मला मोठ्या अधिकारवाणीने सांगत असत. जिच्या पूर्वजांना भूमीवर आणि विवाहावर कायद्याने हक्क नव्हता, तिने गाव सावरता सावरता प्रौढ वयात पुनश्च कुणावर विश्वास टाकावा, याला प्रेमकथा म्हणायचे नसेल, तर त्यांची व्याख्याच तोकडी आहे.

अलीकडच्या कित्येक कादंबऱ्यांतून मात्र हे गावच नाहीसे होत चालले आहे. २०१९ मध्ये 'व्हर्जिन रिव्हर' नेटफ्लिक्सवर आली. ब्रिटिश कोलंबियात चित्रित झालेली तिची वनराजी नयनरम्य आहे, पण तेव्हापासून प्रकाशकांना केवळ देखाव्याचीच गोडी लागली असावी, असा मला दाट संशय आहे. आता मुखपृष्ठावर रंगीत चित्र, आत एक कॉफीगृह, एक बेकरी, शरद ऋतूतली पाने आणि तिशीच्या आतली दोन देखणी माणसे असतात. न्यायालय नाही, दवाखाना नाही, कर्ज नाही, म्हातारे कुणी असलेच तर लग्न जुळवण्यापुरते. नायिकेने उद्या ते गाव सोडले, तर तिच्यावाचून कुणाचा खोळंबा होईल, हे पुस्तक संपले तरी कळत नाही.