विदुषींची वाट कोठें अडते?

मुलींस शास्त्रविषयांची गोडी नाहीं, हें वाक्य आमच्याकडील सुशिक्षित गृहस्थही बिनदिक्कत उच्चारतात. त्यांनीं गांवच्या कॉलेजांत एकवार डोकावून पहावें. २०२०-२१ च्या सरकारी पाहणींत देशांतील विज्ञानाच्या पदवीवर्गांत मुली निम्म्याहून अधिक आढळल्या. संशोधनाच्या कामावरील मंडळींत मात्र स्त्रिया एक-पंचमांशही भरत नाहींत. तेव्हां प्रश्न गोडीचा नव्हे. पदवी हातीं आल्यावर या मुली जातात कोठें, हा आहे.

कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, यांनीं १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगलोरच्या विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला. संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल पारितोषिक मिळून त्यांस तीनच वर्षें झालीं होतीं. अर्ज नामंजूर झाला. कारण, अर्जदार स्त्री! बाईंनीं हट्ट सोडला नाहीं, तेव्हां प्रवेश मिळाला; पण वर्षभर पारखून घेण्यापुरता, आणि पुरुष सहकाऱ्यांचें चित्त विचलित होऊं नये या अटीवर. चित्त ढळणार पुरुषांचें आणि हमी द्यावयाची स्त्रीनें! वकिलींत आम्ही विचित्र करारनामे पुष्कळ पाहिले, असा विरळा. (आमच्या धंद्यानेंही फारसा उजेड पाडलेला नाहीं, स्त्रियांस सनद देण्यासाठीं १९२३ मध्यें कायदा करावा लागला.) वर्षअखेर रामन यांचें समाधान झालें. दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम करून कमलाबाई केंब्रिजला गेल्या व १९३९ मध्यें डॉक्टर झाल्या. तें केंब्रिजही १९४८ पर्यंत स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीची पदवी देत नव्हतें.

आज अशी अट कोणी लेखी घालीत नाहीं. तरी १९४२ मध्यें स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेस पहिली स्त्री प्रमुख मिळावयास २०२२ साल उजाडलें. संशोधनांत हात बसण्याचीं वर्षें तींच लग्नाचीं, आणि तेथें अट घरांतूनच निघते.

जून २०२० मध्यें आपल्या लोणारचें पाणी गुलाबी झालें, तेव्हां नमुने नागपूर-पुण्याच्या प्रयोगशाळांत न्यावे लागले. त्या प्रयोगशाळांत बुलढाण्याच्या कन्या बसाव्यात असें वाटत असेल, तर खामगांव-मलकापूरच्या अडत्यांनीं एम.एस्सी. नंतर संशोधनास निघालेल्या दोन मुलींचा परगांवचा राहण्याजेवण्याचा खर्च दरसाल उचलावा. तूर-कापसाच्या एका हंगामांत हा बोजा जाणवणारही नाहीं. आणि वधूपित्यांनीं लग्नाच्या याद्यांत मानपानाच्या कलमांआधीं, मुलीचें संशोधन पुढें चालेल, हें कलम लिहून घ्यावें. मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊं.