कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल

कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल (संक्षेपाने कॅप) हा आपत्तीचा इशारा एका संगणक-प्रणालीकडून दुसऱ्या प्रणालीकडे पाठवण्यासाठी ठरवलेला संदेशाचा प्रमाणित आराखडा आहे. एकदाच तयार केलेला इशारा मोबाइल, दूरचित्रवाणी, आकाशवाणी, भोंगे आणि संकेतस्थळे अशा अनेक माध्यमांतून एकाच वेळी प्रसारित करता यावा, हा त्याचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

संगणकातील प्रोग्रॅमने माणसाला परस्पर निरोप धाडण्याची सोय पेजरच्या काळातच झाली होती. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिंपल नेटवर्क पेजिंग प्रोटोकॉलनुसार प्रोग्रॅम पेजिंग सेवेच्या सर्व्हरशी ४४४ क्रमांकाच्या पोर्टवर जोडला जाई. 'पेज' या आज्ञेने पेजरचा क्रमांक व 'मेस' या आज्ञेने मजकूर दिला जाई आणि 'सेंड' म्हणताच निरोप रवाना होई. अर्थात निरोप कोणाला द्यायचा, हे आधी ठाऊक असावे लागे. पूर किंवा दरड यांच्या बाबतीत माणसांचे क्रमांक ठाऊक नसतात. सांगता येतो तो धोक्याचा प्रदेश. म्हणून कॅपच्या संदेशात प्रदेशाची सीमा देण्याची सोय आहे.

ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेने कॅपची पहिली आवृत्ती २००४ मध्ये, तर १.२ ही आवृत्ती २०१० मध्ये स्वीकारली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००७ मध्ये त्यास आपल्या शिफारशींत स्थान दिले.

संदेशाची रचना

कॅपचा संदेश एक्सएमएल भाषेत लिहिलेला असतो. प्रत्येक संदेशाला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. त्याच्या आधारे पुढे इशाऱ्यात बदल करता येतो किंवा तो रद्द करता येतो. संदेश प्रत्यक्ष घटनेचा आहे, सरावाचा आहे की चाचणीचा, हे नोंदवणे बंधनकारक असते. धोक्याचे वर्णन तातडी, तीव्रता आणि खात्री अशा तीन स्वतंत्र निकषांवर केले जाते. कारण एखादे संकट भीषण असूनही त्याची शक्यता अल्प असू शकते. एकाच संदेशात मराठी, हिंदी, इंग्रजी असे निरनिराळ्या भाषांतील मजकूर देता येतात. प्रदेश दाखवण्यासाठी वर्तुळ किंवा अक्षांश-रेखांशांनी आखलेला बहुभुज वापरतात.

भारतातील वापर

भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' या व्यवस्थेत कॅपचा वापर होतो. तिची तांत्रिक उभारणी सी-डॉट या संस्थेने केली आहे. भारतीय हवामान विभाग, केंद्रीय जल आयोग, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आदी संस्था तिच्याशी जोडलेल्या आहेत. लघुसंदेशाखेरीज सेल ब्रॉडकास्ट या पद्धतीच्या चाचण्या २०२३ मध्ये घेण्यात आल्या. या पद्धतीत निवडलेल्या टॉवरच्या कक्षेतील मोबाइलवर क्रमांक ठाऊक नसतानाही इशारा पोहोचतो.

मर्यादा

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात चौक गावाजवळ इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी ही आदिवासी वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात तिच्यावर दरड कोसळली. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नसल्याने बचाव पथकांना डोंगर पायी चढावा लागला. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवण्यात आले, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते.

हवामान विभागाचे पावसाचे रंगीत इशारे मुख्यतः जिल्हानिहाय असतात. कोणता उतार खचेल, हे त्यांवरून समजत नाही. कॅपमधील बहुभुज एका वाडीएवढा लहान आखता येतो. परंतु तो कोठे आखायचा, हे भूवैज्ञानिक पाहणी, पर्जन्यमापन आणि स्थानिकांची माहिती यांवरून आधी ठरलेले असावे लागते. तसेच यंत्रणेने संदेश स्वीकारला म्हणजे तो माणसाने वाचला, असे होत नाही. रात्रीच्या वेळी, वीज किंवा मोबाइलचे जाळे नसलेल्या वस्तीत इशाऱ्याचा शेवटचा टप्पा पोलीस पाटील, दवंडी किंवा भोंगा यांनाच पार पाडावा लागतो.